जुनी गाडी मोडीत काढल्याने हवा सुधारते का? आधी कोणती गाडी, ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धरमपेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांकडे २००७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एमएच-३१ पाटीची. वर्षाकाठी चारेक हजार किलोमीटर चालते: बर्डी, दवाखाना, सोयऱ्यांकडे, कधीमधी रामटेक. पुण्यातला मुलगा मागे लागला आहे की पंधरा वर्षांवरची गाडी म्हणजे नुसतं प्रदूषण, स्क्रॅप करा आणि नवी घ्या. त्यांना जाणून घ्यायचं आहे की जुन्या गाड्या भंगारात गेल्याने हवा खरंच स्वच्छ होते, की हा नव्या गाड्या खपवायचा धंदा आहे?

तुमच्या गाडीपुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो. नवी घ्यायची हौस असेल, परवडत असेल, तर खुशाल घ्या. पण हवेचं नाव पुढे करून घेऊ नका. शहरापुरतं उत्तर मात्र वेगळं आहे. काही गाड्या मोडल्या तर नागपूरच्या हवेला नक्की फरक पडेल, फक्त त्या गाड्या सहसा तुमच्या-माझ्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये सापडत नाहीत. मी मुळात डिझेलवाला. आधी ट्रकांचे ताफे सांभाळले, मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं, जोडीला पीयूसीचं मशीन ठेवलं. त्यामुळे गाडीचं वय विचारायच्या आधी मी तिचा सायलेन्सर बघतो.

कायद्याची धास्ती अगोदर काढून टाकू. ऑगस्ट २०२१ मध्ये जे स्क्रॅपेज धोरण आलं, ज्याचा गडकरी साहेब आपल्या नागपुरातही वारंवार उल्लेख करतात, त्यात खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून मोडा, असं कुठेच नाही. पंधरा वर्षांनी आरटीओत तपासणी करून आरसीचं नूतनीकरण करायचं, ते पाच वर्षं चालतं, मग पुन्हा तपासणी. वय झालं म्हणून सरसकट बाद, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू झाला. तुम्हा-आम्हाला आहे ती फी: गाडीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झाली. वर राज्याचा पर्यावरण कर. म्हणजे जबरदस्ती नाही, खिशाला चिमटा आहे.

लोकांच्या डोक्यात जे 'दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल' बसलं आहे ते दिल्लीचं. हरित लवादाचे आदेश आणि त्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, तेही फक्त दिल्ली आणि एनसीआरपुरतं. तिथेसुद्धा पुढे काय झालं बघा. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असं ठरलं, आणि काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने वयावरून कारवाई थांबवली. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीने किती धूर सोडावा याचं सरकारी मानक; आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक). एवढी वर्षं घासाघीस करून दिल्ली वयावरून मानकावर आली. वर्कशॉपमधला कुठलाही जुना मेकॅनिक हे पहिल्या दिवशी सांगू शकला असता.

मानक म्हणजे काय आणि नागपुरात त्याचा घोळ कसा आहे, हे इथे सांगायला हवं. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये आलं, पण फक्त तेरा शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती. नागपूर नव्हतं. देशभर बीएस-४ सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ ला, आणि बीएस-६ तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२० ला. म्हणजे पुण्यात २०१२ साली घेतलेली गाडी बीएस-४ असणार, आणि त्याच साली त्याच पैशात इथे घेतलेली बीएस-३ असू शकते. वय सारखं, धूर वेगळा. बहुतेक कंपन्या पुढे सगळीकडे एकच मॉडेल पाठवू लागल्या म्हणून मोटारींत फरक तितका राहिला नाही. ट्रक आणि टेम्पोंत मात्र राहिला. तुमची २००७ ची गाडी कागदोपत्री बीएस-२ असायला हवी, कारण २००५ मध्ये बीएस-३ मिळालेल्या शहरांतही नागपूर नव्हतं. खात्री करायची तर पीयूसीच्या कागदावर किंवा एमपरिवहन ॲपवर मानक लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता हिशेब. बीएस-२ पेट्रोल मोटारीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून किलोमीटरला अर्धा ग्रॅम मुभा होती. बीएस-६ ला हेच दोन्ही मिळून ०.१६ ग्रॅम. म्हणजे नवी गाडी तिपटीने स्वच्छ, मुलगा इथवर बरोबर आहे. तुमची गाडी वर्षाला ४,००० किलोमीटर चालते, तिचे झाले २ किलो. नवी गाडीही तेवढीच चालली तर ६४० ग्रॅम. पण तेवढीच चालेल का? नवी गाडी आली, एसी चांगला, ॲव्हरेज चांगलं, दारात हप्ता सुरू झालेला. मग नागझिरा होतं, माहूर होतं, मुलाकडे पुण्याला गाडीनेच जाणं होतं, आणि मेट्रोने जाता येण्याजोगं कामही गाडीने होतं. वर्षाला १२,००० किलोमीटर झाले की १.९२ किलो. दोन किलोच्या जागी पावणेदोन-दोन किलो, आणि मधे सात-आठ लाख रुपये गेले. माझ्या गिऱ्हाइकांत जुनी गाडी काढून नवी घेतलेल्यांचं फिरणं वाढलेलं मी नेहमी पाहतो. कमी झालेलं क्वचितच.

या हिशेबात एक मोठी फट आहे, ती मीच दाखवतो. ०.५ ग्रॅम ही मर्यादा नव्या गाडीची, प्रयोगशाळेतली. अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीचा कॅटालिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग, ज्याला आम्ही कॅट म्हणतो, मेला असेल तर ती त्याच्या कितीतरी पट सोडते, आणि मग माझा सगळा युक्तिवाद कोसळतो. म्हणून तुमच्या हातात जो पीयूसीचा कागद आहे तो 'पास' एवढंच बघून डॅशबोर्डच्या खणात टाकू नका. तुमच्या गाडीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत पास आहे. कॅट जिवंत असेल, प्लग आणि सेन्सर ठीक असतील, तर मशीनवर सीओ ०.०२, ०.०५ असले आकडे येतात आणि एचसी शंभराच्या आत राहतो. एखाद्याचा सीओ ०.४६ आणि एचसी ६०० येतो. दोघांनाही तेच सर्टिफिकेट मिळतं. पहिली गाडी मोडणं हा वेडेपणा आहे. दुसरीचा ऑक्सिजन सेन्सर आणि कन्व्हर्टर बदला, नसेल परवडत तर तीच मोडीत द्या.

तपासायला जाताना इंजिन चांगलं तापवून न्या. कॅट साधारण अडीचशे-तीनशे अंशांना पोचल्यावरच कामाला लागतो. धरमपेठेतून बर्डीवर जायचं, दोन किलोमीटर, तेवढ्यात तो धड गरमही होत नाही. त्यामुळे अशा फेऱ्यांत नवी गाडीसुद्धा कागदावरच्या आकड्यांपेक्षा बरंच जास्त सोडते. आणि आपल्या मे महिन्याचं काय? ४५ अंशांत उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल वाफ होत असतं. ती वाफ धरायला कोळशाची डबी असते, तिला कॅनिस्टर म्हणतात. जुन्या गाड्यांत ती डबी भरून निकामी झालेली असते किंवा तिच्या रबरी नळ्या तडकलेल्या असतात. सकाळी गाडीजवळ गेल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर तुमची गाडी उभ्या-उभ्या प्रदूषण करते आहे. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून तर जुन्या नळ्या बदलून घेणं हे सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे. हे काम काही फार खर्चाचं नाही, पण कुणी सांगत नाही, कारण पीयूसीच्या तपासणीत ते दिसतच नाही.

आता ज्या गाड्यांसाठी मी स्क्रॅपचा झेंडा घेऊन उभा राहीन, त्यांच्याकडे वळतो. नागपूर म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ यांची गाठ. काश्मीरकडून कन्याकुमारीकडे आणि सुरतेकडून पारादीपकडे जाणारा माल इथून जातो. कापसी, वाडी, कळमना, पारडी या भागात रात्री अकरानंतर उभे राहा, म्हणजे धूर कुठून येतो हे समजायला यंत्र लागत नाही. बीएस-३ ट्रकला धुरातल्या बारीक कणांची मुभा होती प्रति किलोवॅट-तास ०.१० ग्रॅम. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो. लिटरभर डिझेलातून इंजिन साधारण चार किलोवॅट-तास काम काढतं. म्हणजे ढोबळ मानाने किलोमीटरला एक किलोवॅट-तास, आणि तेवढ्याला ०.१० ग्रॅम कण. ट्रक वर्षाला साठ हजार किलोमीटर पळाला तर झाले सहा किलो कण, आणि तेही इंजिन नवं असल्यासारखं धरून. तुमच्याएवढीच चालणारी बीएस-३ डिझेल मोटार वर्षाला २०० ग्रॅम सोडेल. तुमच्या पेट्रोल गाडीचे तर याहून कितीतरी कमी. एक ट्रक बदलला तर तीस डिझेल मोटारी बदलल्यासारखं, आणि बीएस-६ ट्रकला हीच मुभा ०.०१, म्हणजे दहापट कमी. फायदा कुठे आहे ते दिसतंच.

हेच टिप्परला, जुन्या खासगी बसला, कोळसा आणि राख वाहणाऱ्या गाड्यांना लागू आहे. उमरेड, सावनेरकडच्या खाणी आणि कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं यांच्यामध्ये ज्या जुन्या गाड्या दिवसभर फिरतात, त्या शहरात कमी पळतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली गेला, वारा पडला की तो धूर वर जात नाही, जमिनीलगत साचून राहतो. सकाळी सातला फुटाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या छातीत तोच जातो.

पण फक्त 'जुना ट्रक वाईट, नवा चांगला' म्हणून मोकळं होता येत नाही. बीएस-६ ट्रकला युरिया लागतो. सायलेन्सरच्या वाटेत तो फवारला जातो आणि नायट्रोजन ऑक्साइड मारतो. युरियाला पैसे लागतात, सेन्सर बिघडला तर इंजिनची ताकद कमी होते, गाडी वाटेत रखडते. मग बाजारात एक छोटी डबी मिळते, ती वायरिंगमध्ये बसवली की गाडीच्या संगणकाला वाटतं युरिया चालू आहे. माझ्याकडे क्लचच्या कामासाठी २०२१ चा एक ट्रक आला होता. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, सगळं हिरवंगार. युरियाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत थेंब नव्हता, तोंडाशी पांढरे खडे वाळून बसलेले. मालक म्हणाला, "सगळेच करतात ना साहेब." कागदावर बीएस-६, चाकावर काय म्हणावं त्याला! जुन्या डिझेल गाड्यांत ईजीआरला (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी झडप) पत्रा मारून बंद करणं, पिकअपसाठी पंपाचं डिझेल वाढवणं, हेही त्याच जातीचं. आणि आपली पीयूसी तपासणी डिझेलला फक्त धुराचा काळेपणा बघते. नायट्रोजन ऑक्साइड ती मोजतच नाही, बारीक कण वजनाने मोजत नाही. ही डबी लावलेला ट्रक छाती ठोकून पास होतो.

धूर सगळ्या गाड्यांत सारखा वाटलेला नसतो, ही गोष्ट जगात फार आधी मोजली गेली आहे. डेन्व्हर विद्यापीठातल्या डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रस्त्याच्या कडेला यंत्र ठेवून, समोरून जाणाऱ्या गाडीच्या धुरातून प्रकाशकिरण पाठवून मोजमाप घेतलं. साधारण दहा टक्के गाड्या निम्मा कार्बन मोनॉक्साइड सोडत होत्या. त्यात जुन्या गाड्या जास्त होत्या, पण जुन्या गाड्यांतल्याही बऱ्याच स्वच्छ निघाल्या. बिघाड महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे अशी यंत्रं वाडी नाक्याला आणि पारडीला लावली, तर कोणती गाडी थांबवायची हे आरसीवरची तारीख न बघताही कळेल.

दुसऱ्या देशांनी गाड्या मोडायला पैसे दिले, त्याचंही थोडं सांगतो. अमेरिकेने २००९ मध्ये तीन अब्ज डॉलर खर्चून पावणेसात लाखांच्या वर गाड्या काढल्या. गाडीमागे साडेतीन ते साडेचार हजार डॉलर. इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचे आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचे, म्हणजे ते पुन्हा कुणी वापरू नये. पुढे अर्थतज्ज्ञांनी पाहिलं की त्यातली बरीच खरेदी पुढच्या काही महिन्यांत तशीही झाली असती. जर्मनीने त्याच वर्षी अडीच हजार युरो देऊन जवळपास वीस लाख गाड्या काढल्या. हेतू मुख्यतः मंदीत वाहन उद्योगाला तारण्याचा होता. याउलट लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली युनोकल या तेल कंपनीने ७०० डॉलरला एक, अशा आठ हजारांवर गाड्या घेतल्या, त्या फक्त १९७१ पूर्वीच्या, म्हणजे कन्व्हर्टर नसलेल्याच. निवड नेमकी होती.

मला यातला कळीचा मुद्दा हा वाटतो: स्वतःहून गाडी मोडायला कोण आणतं? ज्याची गाडी दोन वर्षं कडुनिंबाखाली उभी आहे, टायर बसले आहेत, तो. त्या गाडीने यावर्षी धूर सोडलेलाच नाही. ती मोडल्याने पार्किंग मोकळं होतं, हवा नाही. आणि जो टिप्पर दिवसाला चार फेऱ्या मारून मालकाचं घर चालवतो, तो कुणी आणत नाही, कारण नव्या टिप्परच्या हप्त्यापुढे स्क्रॅपचे पैसे आणि करातली सूट काहीच नाही. आज सूट मिळते ती अशी: ठेव प्रमाणपत्र, म्हणजे स्क्रॅपिंग केंद्रात गाडी जमा केल्याचा कागद, दाखवलं तर नव्या गाडीच्या रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिकला १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्याच्या गाडीने कमी घाण होते त्याला जास्त, ज्याच्याने जास्त त्याला कमी. माझ्या हातात असतं तर मी हे उलटं केलं असतं आणि मोटारीचे पैसे काढून एक ट्रक, दोन ट्रक असलेल्या छोट्या मालकाला कमी व्याजाच्या कर्जासाठी दिले असते.

नागपूर जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. त्यात गाड्यांचा धूर हा एक भाग. सिमेंट रस्त्याच्या कडेची उघडी माती, खोदून ठेवलेले रस्ते, वीज केंद्रांची राख, भांडेवाडीला पेटणारा कचरा, यांना स्क्रॅप धोरणाचं काही घेणंदेणं नाही. टायर आणि ब्रेकची झीज नव्या गाडीलाही चुकत नाही, उलट हॅचबॅक देऊन भली मोठी एसयूव्ही आणली तर वजनामुळे ती वाढते.

कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मुलगा विचारेल. तुमची गाडी लिटरला १४ देत असेल आणि नवी २० देणार असेल, तर ४,००० किलोमीटरला ८६ लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे वर्षाला सुमारे २०० किलो कार्बन डायऑक्साइड. छोटी गाडी तयार करतानाच पाच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फिटायला पंचवीस वर्षं. इलेक्ट्रिक घेतली तर तुमच्या गल्लीतला धूर जातो हे खरं, आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांना ती उत्तमच. वीज मात्र अजून बरीचशी कोळशाची आहे आणि कोराडी काही फार लांब नाही.

तरीही मोडायचीच ठरली, तर गल्लीतल्या कबाड्याला देऊ नका. तो जास्त पैसे देईल, पण ऑइल नालीत जाईल, एसीचा गॅस हवेत, बॅटरी फोडून शिसं वितळवलं जाईल, आणि तुमचा नंबर कुठल्या तरी चोरीच्या गाडीवर फिरू शकतो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात आधी सगळी द्रव्यं, बॅटरी, गॅस काढून मगच गाडी कापायची असते. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तर गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवरही तिच्या शेवटाची जबाबदारी टाकली आहे. जाण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा असेल तर उतरवा आणि ई-चलन भरून टाका. केंद्राकडून ठेव प्रमाणपत्र घ्या, नंतर गाडी मोडल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, आणि वाहन पोर्टलवर तुमचा नंबर रद्द झालेला दिसेपर्यंत विमा चालू ठेवा.